स्पेक्ट्रम विकताना 'नेटवर्क खुलं ठेवा' अशी अट घातली, तर ती पाळली जाते का? अमेरिकेतल्या सी ब्लॉकविषयी

प्रश्न थोडक्यात असा. कायद्याच्या एका विद्यार्थ्याला २००८ साली अमेरिकेत झालेल्या ७०० मेगाहर्ट्झ लिलावावर टिपण लिहायचं आहे. त्या लिलावातल्या 'सी ब्लॉक'वर, म्हणजे विकायला काढलेल्या लहरींच्या एका तुकड्यावर, खुल्या प्रवेशाची (ग्राहकाला हवं ते उपकरण आणि ॲप वापरू द्यायची) अट होती. वर्गात दोन तट पडलेत. एक म्हणतो, अटीमुळे बोली पडली आणि सरकारी तिजोरीला खोट बसली. दुसरा म्हणतो, या अटीमुळेच अमेरिकेतला मोबाइल ग्राहक मोकळा झाला. खरं काय, आणि भारतात अशी अट का घालत नाहीत, असं त्यांनी विचारलंय.

मी बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे. मोबाइल नेटवर्कवर चालणारी उपकरणं, म्हणजे राउटर, वीजमीटर, गाड्यांमध्ये बसणारी मॉड्यूल्स, कॅरिअरकडून (मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीकडून) मंजूर करून घेणं हे माझं काम. 'कोणतंही उपकरण जोडता आलं पाहिजे' असं नियमात छापून आलं की ते प्रत्यक्षात कुठे अडतं, हे मला रोज बघावं लागतं. म्हणून उत्तरही त्याच बाजूने देतो. माझ्या मते दोन्ही तट चुकीच्या जागी भांडताहेत. अट घातली का, यापेक्षा 'नाही' म्हणायचा हक्क कोणाच्या हातात राहिला आणि तो हक्क बरोबर वापरला हे कोणी सिद्ध करायचं, हे बघा. सगळी मेख तिथे आहे.

आधी २००७ ची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेत फोन दुकानातून नाही, कॅरिअरकडून मिळायचा, दोन वर्षांच्या करारासह. त्यात काय चालू ठेवायचं हेही कॅरिअर ठरवायची. व्हेरायझन या बड्या कॅरिअरने विकलेल्या मोटोरोला व्ही ७१० मध्ये ब्लूटूथ होतं, पण त्यावरून फाइल पाठवायची सोय बंद करून ठेवलेली होती. ग्राहक त्यावरून कोर्टात गेले. लँडलाइनच्या बाबतीत हा वाद १९६८ मध्येच मिटला होता. तेव्हा कार्टरफोन प्रकरणात एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार आयोगाने, नेटवर्कला इजा होत नसेल तर ग्राहकाला बाहेरचं उपकरण जोडू द्यावं लागेल असं सांगितलं. मोबाइलला हाच न्याय लावा, अशी मागणी स्काइपने फेब्रुवारी २००७ मध्ये आयोगाकडे केली.

त्याच सुमारास टीव्हीचं ॲनालॉग प्रसारण बंद होऊन ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा होणार होता. या लहरी लांब जातात, भिंतीतून आत शिरतात, कमी टॉवरमध्ये काम भागतं. जुलै २००७ मध्ये गूगलने आयोगाला पत्र लिहिलं: चार अटी घाला, आम्ही किमान ४.६ अब्ज डॉलरची बोली लावतो. चार अटी म्हणजे ॲप कोणतंही चालावं, उपकरण कोणतंही चालावं, नेटवर्कची क्षमता दुसऱ्या कंपन्यांना घाऊक दराने मिळावी, आणि इतर सेवादात्यांना ठरावीक जागी नेटवर्कशी जोडून घेता यावं. ३१ जुलैला आयोगाने पहिल्या दोन मान्य केल्या आणि उरलेल्या दोन बाजूला ठेवल्या. त्या अटींना एक पाचरही मारली. सी ब्लॉकची राखीव किंमत सुमारे ४.६ अब्ज डॉलर ठेवली आणि ती आली नाही तर अटी काढून पुन्हा लिलाव करायचा असं ठरवलं.

या पाचरेमुळे लिलावात वेगळीच गंमत झाली. अट नको असलेल्यांनी नुसतं हात बांधून बसायचं ठरवलं असतं तर अट आपोआप गळाली असती. ती गळू नये म्हणून गूगलने बोली लावली. लिलाव २४ जानेवारी २००८ ला सुरू झाला. कोण बोली लावतंय हे गुप्त होतं, पण नंतर गूगलने स्वतःच सांगितलं की दहा फेऱ्यांत समोर कोणी नसतानाही त्यांनी आपलीच बोली वाढवली. राखीव किंमत ओलांडली गेली. मग व्हेरायझन वर चढली, अलास्का वगळता जवळपास सगळा देश व्यापणारे परवाने सुमारे ४.७४ अब्ज डॉलरना घेतले, आणि गूगल एकही परवाना न घेता समाधानाने घरी गेली. याच व्हेरायझनने सप्टेंबर २००७ मध्ये अटीविरुद्ध कोर्टात दावा लावला होता. ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. अट आवडली म्हणून कोणी दावा मागे घेत नाही. तिच्यासकट व्यवहार परवडतो असा हिशोब बसला असणार.

आता बोली पडली का? 'पडली' म्हणणारे एक आकडा दाखवतात. स्पेक्ट्रमचा भाव दर मेगाहर्ट्झला दर माणशी मोजतात. सी ब्लॉकचा भाव पडला सुमारे ०.७६ डॉलर, बी ब्लॉकचा २.६८. फरक साडेतीनपट दिसतो, पण दोन्ही माल एकसारखा नव्हता. बी ब्लॉक देशभरातल्या ७३४ छोट्या तुकड्यांत विकला, सी ब्लॉक फक्त १२ मोठ्या प्रदेशांत. छोट्या तुकड्यावर बोली लावायला स्थानिक कंपन्याही येतात, मोठ्या प्रदेशाला तेवढं भांडवल मोजक्यांकडे असतं. शिवाय एटी अँड टी या दुसऱ्या बड्या कॅरिअरने ऑक्टोबर २००७ मध्येच अलोहा पार्टनर्सकडून बी ब्लॉकला लागून असलेला पट्टा २.५ अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं होतं. शेजारचा पट्टा मिळाला तर रुंद चॅनल होतं, म्हणून बी ब्लॉकसाठी तिने भरभक्कम मोजले. आणि ई ब्लॉककडे बघा. त्यावर खुलेपणाची कसलीही अट नव्हती, तरी भाव सी ब्लॉकएवढाच, ०.७४. अर्थात तो एकेरी पट्टा होता, पाठवायला एक आणि ऐकायला दुसरा अशी जोडी नसलेला, म्हणून ही तुलनाही पुरती न्याय्य नाही.

अटीमुळे भाव थोडा खाली आला असेल, हे मी नाकारत नाही. पण या एका लिलावातून 'इतके डॉलर अटीमुळे गेले' असा आकडा काढता येत नाही. कोणी काढून दाखवला तर त्यात पट्ट्याची रुंदी, प्रदेशाचा आकार आणि शेजार यांचा हिशोब कसा केलाय ते आधी विचारा.

आता नियमाकडे. टिपणात निम्मी जागा याला द्या असं सुचवेन. अमेरिकेच्या संघीय नियमावलीत भाग २७, कलम २७.१६ असं ते शोधा. मुख्य वाक्य सोपं आहे: सी ब्लॉकच्या परवानाधारकाने ग्राहकांना, उपकरण बनवणाऱ्यांना आणि ॲप बनवणाऱ्यांना आपल्या पसंतीचं उपकरण आणि ॲप वापरू द्यावं. त्याला अपवाद जोडलेला आहे: नेटवर्कच्या व्यवस्थापनासाठी किंवा संरक्षणासाठी वाजवीपणे गरजेच्या असतील अशा प्रकाशित तांत्रिक मानकांत ते बसत नसेल तर. घोडं पेंड खातं ते इथे. 'वाजवी' कोण ठरवणार? आधी कॅरिअर.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगतो. अमेरिकेत विकायच्या उपकरणाला आधी एफसीसीची मान्यता लागते. उपकरण रेडिओलहरी बाहेर किती सांडतंय, शरीराजवळ धरलं तर किती ऊर्जा शोषली जाते, हे पाहतात. मग उद्योगाचं पीटीसीआरबी प्रमाणपत्र. उपकरण मानकांप्रमाणे नेटवर्कशी नीट बोलतं का ते त्यात तपासतात. या दोन्हींचा खर्च आणि वेळ आधी सांगता येतो, प्रयोगशाळा स्वतंत्र असतात. तिसरी पायरी कॅरिअरची स्वतःची चाचणी. नेटवर्क गेलं तर उपकरण किती वेळाने परत प्रयत्न करतं, आपत्कालीन कॉल कसा लागतो, सॉफ्टवेअर अपडेट कसं उतरतं, असं बरंच काही. यातलं बरंचसं खरोखर गरजेचं आहे. वीज गेली आणि परत आली की हजारो मीटर एकाच सेकंदाला टॉवरवर तुटून पडले तर त्या भागातले फोनही ठप्प होतील. ही भीती खोटी नाही, असे मीटर माझ्या हाताखालून गेलेत. पण याच पायरीवर वेळही जातो. चाचणीचा आराखडा मधेच बदलतो, प्रयोगशाळेत रांग असते, एखादं कलम कशासाठी आहे हे विचारलं तर उत्तर यायला आठवडे लागतात. 'नाही' असं कोणीच म्हणत नाही. नुसतं 'हो' येत नाही.

आणि 'हो' आलं नाही की काय होतं? प्रत्येक उपकरणाला पंधरा आकडी आयएमईआय असतो. त्यातले पहिले आठ आकडे मॉडेल सांगतात. दुकानातला पोऱ्या तो आकडा टाइप करतो, कॅरिअरच्या यादीत ते पहिले आठ आकडे नसले की पडद्यावर 'हे उपकरण चालणार नाही' असं येतं. रेडिओ बरोबर, बँड (लहरींचा पट्टा) बरोबर, सिमही बसतंय, पण यादीत नाव नाही.

२०१३ मध्ये गूगलच्या नेक्सस ७ टॅबलेटच्या एलटीई (४जी) आवृत्तीचं नेमकं हेच झालं. तो अमेरिकेतल्या मोठ्या कॅरिअरवर चालेल अशा बेताने बनवला होता आणि त्याला एफसीसीची मान्यता होती. व्हेरायझनने तो आपल्या नेटवर्कवर चालू करून द्यायला नकार दिला. प्रमाणन चालू आहे, एवढंच उत्तर. दुसऱ्या उपकरणात आधीच चालू असलेलं सिम त्यात घातलं की टॅबलेट चालतो, असा अनेकांचा अनुभव होता. पत्रकार-प्राध्यापक जेफ जार्विस यांनी सी ब्लॉकच्या नियमावर बोट ठेवून आयोगाकडे तक्रार केली. टॅबलेट मंजूर झाला तो फेब्रुवारी २०१४ मध्ये. कंपनीचं म्हणणं होतं की चाचणीत दोष सापडला होता आणि गूगलने तो अँड्रॉइडच्या पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करायचं ठरवलं. ते खरंही असेल. पण तोपर्यंत टॅबलेटच्या विक्रीचा हंगाम उलटून गेला होता.

ॲपच्या बाजूला दोन प्रकरणं आहेत. पहिलं टेदरिंगचं. फोनचं इंटरनेट लॅपटॉपला द्यायचं तर व्हेरायझन महिन्याला २० डॉलर जादा घ्यायची. फुकटात तेच करून देणारी ॲप्स अँड्रॉइड मार्केटमधून दिसेनाशी करावीत असं तिने गूगलला सांगितलं. फ्री प्रेस या संघटनेने जून २०११ मध्ये तक्रार केली आणि जुलै २०१२ मध्ये तडजोड झाली: व्हेरायझनने १२.५ लाख डॉलर भरायचे आणि ॲप्सवरचा अडसर काढायचा. खुल्या प्रवेशाच्या बाजूचे लोक हा विजय म्हणून सांगतात. मलाही तो विजयच वाटतो, फक्त त्याची किंमत ४.७४ अब्जांच्या शेजारी ठेवून बघा. तोवर कंपनी मोजून डेटा देणाऱ्या प्लॅनकडे वळली होती आणि लॅपटॉपने जास्त डेटा खाल्ला तर तिला आनंदच होता.

दुसरं प्रकरण गूगल वॉलेटचं, डिसेंबर २०११. गॅलक्सी नेक्सस फोनवर वॉलेट चालू द्यायला व्हेरायझन तयार नव्हती. युक्तिवाद असा: हे साधं ॲप नाही, ते फोनमधल्या सुरक्षित चिपशी जोडलेलं आहे, म्हणून नियमाच्या कक्षेत येत नाही. व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल मिळून आपलं पेमेंट वॉलेट काढत होत्या, हे त्यात सांगितलं जात नव्हतं. (त्याचं नाव 'आयसिस' होतं. २०१४ मध्ये ते घाईघाईने बदलावं लागलं, कारण सांगायला नको.) कायद्याच्या विद्यार्थ्याला माझ्या मते सगळ्यात जास्त खाद्य इथे आहे. ॲप कुठे संपतं आणि उपकरण कुठे सुरू होतं, ही रेषा नियमाने आखलीच नव्हती. ज्याच्या हातात नेटवर्क, त्याने ती आपल्या सोयीने आखली.

मग नियम कुचकामी होता का? तसं मी म्हणणार नाही, कारण त्यात तीन चांगल्या गोष्टी आहेत. नकार दिला तर नेमकं कारण द्यावं लागतं. मानकं मर्जीतल्या विक्रेत्यांना मिळतात त्याच वेळी इतरांनाही मिळायला हवीत. आणि तक्रारदाराने प्रथमदर्शनी प्रकरण उभं केलं की मानक वाजवी होतं हे सिद्ध करायची जबाबदारी कॅरिअरवर जाते. शेवटचं फार मोलाचं आहे. छोट्या उत्पादकाकडे कॅरिअरच्या नेटवर्कची आतली माहिती नसते, त्याच्यावर सिद्धतेचं ओझं टाकलं तर तो तक्रार करायच्या भानगडीतच पडत नाही. राहिलं ते मुदतीचं. इतक्या दिवसांत हो किंवा नाही सांगा, नाहीतर मंजूर धरलं जाईल, असं एक वाक्य असतं तर नेक्ससचं प्रकरण घडलं नसतं असं मला वाटतं. कॅरिअरमधले माझे मित्र यावर भडकतात. घाईत मंजूर केलेल्या उपकरणाने टॉवर पाडला तर शिव्या आम्हाला, असं त्यांचं म्हणणं, आणि तेही खोटं नाही.

गंमत म्हणजे सगळ्यात जास्त फळ दिलं ते २००७ च्या वादात कडेला राहिलेल्या कलमाने. त्याच नियमात फोन लॉक करायला बंदी आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये आयफोन ५ आला तेव्हा व्हेरायझनने विकलेला फोन करार चालू असतानाही अनलॉक होता. हे तुमच्यापैकी काहींनी अनुभवलं असेल. अमेरिकेतल्या चुलतभावाने व्हेरायझनचा आयफोन आणला तर पुण्यात सिम घालून तो सुरू व्हायचा. एटी अँड टीचा करारातला आणला तर लॅमिंग्टन रोडला कोण अनलॉक करून देतं याची चौकशी सुरू व्हायची. २०१९ मध्ये चोरी आणि बनावट ओळखीवर फोन उचलण्याचे प्रकार वाढल्याचं सांगून व्हेरायझनने पहिले ६० दिवस फोन लॉक ठेवायची सवलत मिळवली. मे २०२५ मध्ये ही ६० दिवसांची मर्यादाही उठवा, असा अर्ज तिने केला. ज्या कलमातून पळवाट काढता येत नाही त्यावरच कंपनीने परत परत अर्ज केले, हे लक्षात घ्या. लॉक आहे किंवा नाही. तिथे 'वाजवी'ला जागा नाही.

आणखी एक गोष्ट वकिलांच्या नजरेतून निसटते, ती म्हणजे बँड. व्हेरायझनचा सी ब्लॉक बँड १३, एटी अँड टीचा भाग बँड १७, शेजारच्या ए ब्लॉकमधल्या छोट्या कंपन्यांचा बँड १२. सगळं ७०० मेगाहर्ट्झच, पण एकासाठी बनवलेला फोन दुसऱ्याला ऐकू येईलच असं नाही. नियमाने फोन कितीही मोकळा केला तरी आतल्या रेडिओत तो बँड नसेल तर काय उपयोग? ए ब्लॉकवाल्या छोट्या कंपन्यांना तर बरीच वर्षं फोनच मिळेनात. हा गुंता सुटायला एटी अँड टीने सप्टेंबर २०१३ मध्ये बँड १२ ला साथ देण्याचं कबूल करावं लागलं. उपकरणं खुली करायची असतील तर बँडची परस्पर चालणारी रचना लिलावाआधीच ठरवावी लागते.

घाऊक प्रवेशाबद्दल थोडक्यात. गूगलची ती मागणी आयोगाने फेटाळली. फक्त घाऊक विकणारं नेटवर्क चालतं का, हे बघायचं तर मेक्सिकोकडे बघा. तिथे ७०० मेगाहर्ट्झचा सगळा ९० मेगाहर्ट्झचा पट्टा एका घाऊक नेटवर्कला दिला, अल्तान कंपनीने ते २०१८ मध्ये सुरू केलं, २०२१ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२२ मध्ये सरकारने बहुसंख्य मालकी घेतली. यावरून कल्पनाच वाईट असं मी म्हणणार नाही, पण नेटवर्क उभारायचा खर्च आधी आणि गिऱ्हाईक नंतर, हे गणित तिथे जड गेलं.

भारतात अशी अट का नाही, याचं पहिलं कारण म्हणजे उपकरणापुरती तिची गरजच फारशी नव्हती. आपल्याकडे जीएसएम आलं, फोन बाजारातून, सिम कंपनीकडून. अपवाद सीडीएमए या दुसऱ्या तंत्राचा: २००३ च्या 'मान्सून हंगामा'त ५०१ रुपयांत मिळालेला रिलायन्सचा फोन दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नव्हता, कारण त्यात काढघाल करायचं सिमच नव्हतं. चाचणीही आपल्याकडे मुख्यतः सरकारी यंत्रणेकडे आहे. ॲपच्या बाजूने ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, ८ फेब्रुवारी २०१६ रोजी डेटाच्या भेदभावी दरांना बंदी केली आणि २०१८ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीची (इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला सारखं वागवायची) तत्त्वं परवान्याच्या अटींत आली. ती सगळ्या कंपन्यांना आणि सगळ्या बँडना लागू आहेत. हा मार्ग मला सी ब्लॉकपेक्षा बरा वाटतो. एका पट्ट्याला अट चिकटवली की शेजारच्या पट्ट्यावरची कंपनी मोकळी राहते.

घाऊक प्रवेशासाठी भारतात २०१६ पासून व्हीएनओ (दुसऱ्याच्या नेटवर्कवर सेवा विकणाऱ्या कंपनीचा) परवाना आहे, पण करार आपसात ठरवायचा, देणाऱ्यावर सक्ती नाही. त्यामुळे बडे ऑपरेटर दाद देत नाहीत. आणि अटींमुळे बोली पडते या वादात भारताचं उदाहरण घ्यायचं असेल तर जपून घ्या. ७०० मेगाहर्ट्झ इथे २०१६ मध्ये मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये राखीव किंमत असताना विकला गेला नाही, २०२१ मध्ये ६,५६८ कोटींनाही नाही, आणि २०२२ मध्ये ३,९२७ कोटींवर आणल्यावर जिओने घेतला. तिथे खुलेपणाची अट नव्हती. किंमतच गिऱ्हाइकाला परवडत नव्हती.

तरी 'आपल्याकडे सगळं खुलंच आहे' असं टिपणात लिहू नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतात ५जी सुरू झालं तेव्हा आयफोन १२ आणि त्यापुढच्या फोनमध्ये ५जीचा रेडिओ होता, जिओ-एअरटेलचं नेटवर्कही होतं, पण डिसेंबरमध्ये आयओएस १६.२ येईपर्यंत लोकांच्या फोनवर ५जी चालू झालं नाही. फोन अनलॉक, सिम मोकळं, आणि तरी एखादं वैशिष्ट्य उत्पादक आणि ऑपरेटर यांच्यातल्या चाचणीवर अडून बसतं. असं अडलं तर कारण कोणी द्यायचं, किती दिवसांत, आणि ग्राहकाने कुठे दाद मागायची, हे भारताच्या परवान्यात कुठे लिहिलंय का ते तपासा. कलम २७.१६ शी तुलना करायला ती चांगली जागा आहे.